‘डाउनटन अ‍ॅबी’ : वाडा, वारस आणि नजरेआड राहिलेले कूळ

ज्यूलियन फेलोज यांनी लिहिलेली ‘डाउनटन अ‍ॅबी’ ही ब्रिटिश मालिका आयटीव्ही या वाहिनीवर २०१० ते २०१५ या काळात सहा पर्वांत आणि ५२ भागांत दाखवली गेली. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्याची बातमी यॉर्कशरमधील एका उमरावाच्या वाड्यावर येऊन थडकते तिथे कथा सुरू होते, आणि १९२५ साल मावळून १९२६ उजाडते त्या रात्री ती थांबते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावी ती आम्ही मंडळींनी वाचनालयात एकत्र बसून पाहिली, तीही पावसाळ्यात. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, पर्यटक नसतात, खानावळी थंडावलेल्या असतात, त्यामुळे एरवी ज्यांना संध्याकाळी सवड मिळत नाही अशीही माणसे येत होती. भाग संपल्यावर पात्रांवरून जी चर्चा होई ती कधी कधी भागापेक्षा लांबत असे, आणि त्या चर्चेतून माझे जे मत बनत गेले ते या परीक्षणात मांडत आहे. वारसाहक्क, घर आणि घरात राबणारी माणसे यांच्याविषयी ही मालिका फार जाणतेपणाने बोलते. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर ते घर चालते ती कसणाऱ्यांविषयी मात्र ती पुरेसे बोलत नाही, आणि कोकणातल्या प्रेक्षकाला ही उणीव लगेच जाणवते.

कथेची मूळ गाठ समजायला आमच्याकडे कोणालाही वेळ लागला नाही. वाड्याचे मालक लॉर्ड ग्रँथम यांना तीन मुली आहेत, मुलगा नाही. किताब आणि इस्टेट दोन्ही जवळच्या पुरुष नातलगाकडेच जायला हवीत, अशी कायद्याची बांधणी आहे. तो नातलग आणि त्याचा मुलगा पॅट्रिक हे दोघेही टायटॅनिकवर बुडतात, आणि थोरली मुलगी मेरी हिचे पॅट्रिकशी लग्न लावून मिळकत घरातच ठेवण्याचा जो बेत होता तो मोडतो. पुढचा वारस म्हणून मँचेस्टरमध्ये वकिली करणारा दूरचा भाऊबंद, मॅथ्यू क्रॉली, याचे नाव निघते. त्यात आणखी एक पेच आहे. लॉर्ड ग्रँथम यांची पत्नी कोरा ही अमेरिकन धनिकाची मुलगी. तिने आणलेला पैसा सासऱ्यांनी लग्नाच्या वेळीच इस्टेटीत असा अडकवून ठेवला आहे की तो आता वेगळा काढता येत नाही. म्हणजे आईचा पैसादेखील मुलींना मिळणार नाही, तो मॅथ्यूला मिळणार. पहिल्या पर्वातील सात भागांत जवळजवळ प्रत्येक पात्राची हालचाल या गाठीशी बांधलेली आहे. आजी व्हायोलेट आपल्याला कधीही न रुचलेल्या सुनेशी एकाएकी का जुळवून घेते, याचे कारणही तिथेच सापडते. माझ्या मते इतकी घट्ट वीण मालिकेला पुन्हा कोणत्याही पर्वात साधली नाही.

आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. आयुष्यभर फेरफार आणि वारसनोंदी लिहिलेल्या या गृहस्थांना इंग्रजांची पद्धत पहिल्या फटक्यात पटली. ‘आपल्याकडे सातबाऱ्यावर इतकी नावे चढली आहेत की घराची कौले बदलायची तरी मुंबई, पुणे, बडोदा सगळीकडून होकार आणावा लागतो, तेवढ्यात दोन पावसाळ्यांत भिंत बसते. त्यांचे घर निदान उभे तरी राहिले,’ असे ते म्हणाले. त्यावर आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, बाई, शांतपणे म्हणाल्या, ‘उभे राहिले ते कोणासाठी, अण्णा? तीन लेकींपैकी एकीचीही त्यात हक्काची खोली नाही.’ यानंतर बोलणे मालिकेवरून आमच्या घराघरांत गेले, आणि ते जाणे मला योग्यच वाटले. हिंदू वारसा कायद्यात बदल करून महाराष्ट्राने १९९४ साली आणि पुढे केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, तरी भावाच्या शब्दाखातर हक्कसोडपत्रावर सही करून माहेर राखणाऱ्या बहिणी आमच्या त्या खोलीतही बसलेल्या होत्या. मेरीच्या कडवटपणाकडे त्या दिवसापासून पुष्कळजणींनी वेगळ्या नजरेने पाहिले.

मेरी हे या मालिकेतील सर्वांत अवघड पात्र आहे, आणि मिशेल डॉकरी यांनी ते प्रेक्षकाची मर्जी सांभाळण्याचा कोणताही प्रयत्न न करता उभे केले आहे, याबद्दल त्यांचे मोल करावे तितके थोडे आहे. पहिल्या भागात पॅट्रिकच्या मृत्यूची बातमी ऐकून तिला दुःखापेक्षा सुतकाच्या कपड्यांची अडचण अधिक वाटते, आणि तिथेच अर्धे प्रेक्षक तिच्या विरुद्ध जातात. परंतु या मुलीला तिच्या लग्नाविषयी, घराविषयी, पैशाविषयी कोणीही काहीही विचारत नाही, ती मिळकतीबरोबर हस्तांतरित व्हायची एक बाब आहे, हे तिला स्वतःला पुरते कळते, आणि तिच्या तुसडेपणाचे मूळ तिथे आहे. पुढे तिचे मॅथ्यूशी लग्न होते, आणि त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या पत्रावरून इस्टेटीतील त्याचा अर्धा हिस्सा जेव्हा तिच्या हाती येतो, तेव्हा ती डुकरांच्या गोठ्यात रात्री चिखलात उतरून पाणी ओतण्यापर्यंत जाते. ज्या बाईच्या नावावर काहीतरी आहे ती बाई कशी बदलते, हे चौथ्या पर्वातील त्या प्रसंगात फार चांगले दिसते.

मधली बहीण ईडिथ हिच्यावरून मात्र आमच्यात उभे दोन तट पडले. मेरीच्या खोलीत तुर्की पाहुणा मरण पावल्याची गोष्ट तुर्की वकिलातीला पत्राने कळवणारी ईडिथ, आणि त्याचा सूड म्हणून सर अँथनी स्ट्रॅलन यांना खोटे बोलून परतवणारी मेरी, यांच्यात अधिक दोषी कोण, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. माझे मत ईडिथच्या बाजूने झुकते, कारण तिला मिळालेली शिक्षा तिच्या अपराधाच्या कितीतरी पट आहे. तिसऱ्या पर्वात स्ट्रॅलन तिला चर्चमध्ये बोहल्यावरून सोडून जातात. पुढे ज्या संपादकावर तिचे प्रेम बसते तो ग्रेगसन जर्मनीत नाहीसा होतो आणि ती कुमारी माता होते. दुर्दैव इतके लागोपाठ यावे, हे लेखकाने तिच्यावर लादल्यासारखे वाटते. तरीही लॉरा कार्मायकेल यांनी या पात्राला हळूहळू जो ताठ कणा दिला आहे त्यामुळे शेवटच्या पर्वात नियतकालिक स्वतः चालवणारी ईडिथ आपल्याला परकी वाटत नाही.

याच कथानकात मालिकेची सर्वांत मोठी चूक दडलेली आहे, आणि तिच्यावर मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ईडिथ आपली मुलगी मॅरिगोल्ड हिला प्रथम परदेशात ठेवते, मग मन राहवत नाही म्हणून परत आणते आणि इस्टेटीवरील एक कूळ, टिम ड्रू, याच्या घरी वाढायला देते. हा ड्रू चौथ्या पर्वात आपल्याला भेटलेला असतो: वडील वारल्यावर थकलेल्या खंडापायी जमीन जाण्याची वेळ त्याच्यावर येते, तेव्हा तो लॉर्ड ग्रँथम यांना भेटून आपले घराणे त्या जमिनीवर किती पिढ्या राबले आहे ते सांगतो, आणि लॉर्ड ग्रँथम त्याला गुपचूप पैसे उसने देऊन ती बाकी फेडू देतात. त्या उपकाराच्या ओझ्याखाली असलेला हा माणूस मालकाच्या मुलीचे मूल घरात घेतो आणि ते कोणाचे आहे हे स्वतःच्या बायकोलाही सांगत नाही. मिसेस ड्रू त्या मुलीला पोटच्या पोरीसारखी वाढवते. मग एके दिवशी ईडिथ दारात येते, जन्माचा दाखला पुढे करते आणि मूल घेऊन जाते. सहाव्या पर्वात गुरांच्या जत्रेत मिसेस ड्रू त्या मुलीला पाहते, न राहवून घरी घेऊन जाते, आणि याचा शेवट असा होतो की ड्रू कुटुंबाने पिढ्यान्पिढ्यांची यू ट्री फार्म ही शेती सोडून निघून जावे हेच सर्वांच्या हिताचे ठरते.

हे पाहताना आमच्या खोलीत कोणी बोलेना. खानावळ चालवणाऱ्या वहिनी शेवटी म्हणाल्या, ‘मूलही तिचेच गेले आणि जमीनही तिचीच गेली, आणि आपण आनंद कशाचा मानायचा, तर ईडिथचा.’ माझ्या मते यापेक्षा अचूक समीक्षा या कथानकाची होऊ शकत नाही. मालिका ड्रू कुटुंबाच्या मागे एक पाऊलही जात नाही. ते कोठे गेले, कोणाची जमीन त्यांना मिळाली, ती बाई पुढे कशी जगली, याचा उल्लेख होत नाही. उलट रिकामी झालेली तीच शेती वाड्याच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या डेझीच्या सासऱ्याला, म्हणजे मिस्टर मेसन यांना द्यावी की नाही, हा पुढच्या भागांचा गोड प्रश्न होऊन बसतो. मेसन यांची स्वतःची जमीनही शेजारच्या जमीनदाराने इस्टेट विकल्यामुळे गेलेली असते, आणि त्या लिलावात डेझी भर सभेत उठून नव्या मालकाला जाब विचारते. त्या एका प्रसंगात मालिका योग्य प्रश्नाच्या अगदी जवळ आली होती. एका कुळाला दुसऱ्या कुळाच्या जागी बसवून तिने तो प्रश्न मिटवून टाकला.

कोकणातल्या माणसाला हे इतके का लागावे, याचे कारण त्याच्या घरच्या इतिहासात आहे. ज्या वर्षांत ही कथा घडते त्या वर्षांत आमच्या गावांत खोती जोरात होती. सरकारी सारा वसूल करणारा खोत आणि पिकाचा मोठा वाटा त्याच्या खळ्यावर नेऊन घालणारे कूळ हे नाते येथील प्रत्येक घराने एका किंवा दुसऱ्या बाजूने भोगलेले आहे. रायगडमध्ये चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसता संप चालवला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ साली. आमच्या प्रेक्षकांत खोतांचे वारस होते आणि कुळांचेही होते. त्यामुळे लॉर्ड ग्रँथम ड्रूला पैसे देतात तेव्हा एका बाजूला ‘किती मोठ्या मनाचा माणूस’ असे उद्गार निघाले, आणि दुसऱ्या बाजूला ‘बाकी माफ का केली नाही, उसने कशाला दिले’ असा प्रश्न आला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ह्यू बॉनव्हिल यांनी उभा केलेला लॉर्ड ग्रँथम हा खरोखरच दयाळू माणूस आहे. परंतु ती दया केव्हा करायची आणि कोणावर करायची हे तोच ठरवतो, हेही तितकेच खरे आहे, आणि मालिकेने या दुसऱ्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

तळघरात, नोकरांच्या जगात, मालिका यापेक्षा फार अधिक सच्ची आहे. पहाटे डेझी खोल्याखोल्यांतून शेगड्या पेटवत जाते, शाई वाळून मालकांच्या बोटांना लागू नये म्हणून वर्तमानपत्राला इस्त्री केली जाते, घंटांच्या रांगेतील कोणती घंटा हलली त्यावरून कोण कोठे धावणार हे ठरते; कथा सांगण्यापूर्वी काम दाखवण्याची ही रीत मला अतिशय आवडली. आगबोटीवर बरीच वर्षे स्टुअर्ड म्हणून नोकरी केलेले आमचे एक चाचा जेवणाच्या प्रसंगांत इतर काही पाहतच नसत. फुटमन, म्हणजे जेवण वाढणारा नोकर, डाव्या बाजूने भांडे कसे धरतो, पाहुणा स्वतःच्या हाताने कसे वाढून घेतो, आणि कोणालाही न बोलता पेले कसे भरले जातात, यावरच त्यांची नजर असे. ‘हे हात शिकवून तयार केलेले आहेत,’ हा त्यांचा अभिप्राय होता, आणि तो खरा आहे. रीतिरिवाजांसाठी अ‍ॅलिस्टर ब्रूस यांना सल्लागार म्हणून नेमलेले होते. वरचे दिवाणखाने हॅम्पशरमधील हायक्लेअर कॅसलमध्ये चित्रित झाले आणि स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या लंडनमधील ईलिंग स्टुडिओत उभारल्या गेल्या. त्यामुळे एका जिन्याने भांडे घेऊन वर जाणारा फुटमन प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या ठिकाणी चालत असतो, पण हा सांधा पडद्यावर कोठेही कळत नाही.

बटलर कार्सन यांच्याविषयी चाचांना फार आदर होता, आणि बाईंना तितकाच राग. जिम कार्टर यांच्या भारदस्त आवाजामुळे कार्सन यांची शिस्त प्रेक्षकाला सहज पटते, पण नोकर माणसाने आपली पायरी ओळखून राहावे, या मतात मालकांपेक्षा तेच अधिक कडवे आहेत. वाड्याची मुख्य कारभारीण मिसेस ह्यूज यांच्याशी लग्न झाल्यावर ते त्यांच्याकडून वाड्यावरच्यासारखेच जेवण आणि तसेच ताट मांडलेले अपेक्षू लागतात, तेव्हा दिवसभर वाड्याचा कारभार सांभाळून दमलेली ही बाई हात दुखावल्याचे सांगून त्यांनाच चुलीपुढे उभे करते. त्या रात्री आमच्याकडच्या सगळ्या बायका मनापासून हसल्या.

मोझली या पात्राची वाटचाल मला संपूर्ण मालिकेत सर्वांत हृद्य वाटते. मॅथ्यूचा खासगी नोकर असलेला हा भित्रा, बोलताना अडखळणारा माणूस मॅथ्यूच्या मृत्यूनंतर बेकार होतो, रस्त्यावर डांबर टाकण्याचे काम करतो, मग खालच्या दर्जाची फुटमनची नोकरी पत्करतो, आणि वाचनाच्या बळावर शेवटी गावच्या शाळेत शिक्षक होतो. पहिल्या तासाला मुले त्याला जुमानत नाहीत. दुसऱ्या वेळी तो आपण घरकाम करणारा नोकर होतो हे मुलांना सांगतो आणि वर्ग शांत होतो. बाईंनी हा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला होता. केव्हिन डॉयल यांनी त्या एका तासात जे केले आहे ते मालिकेतील मोठमोठ्या मृत्यूंपेक्षा मला अधिक काळ आठवत राहील.

मिसेस पॅटमोर यांचा उल्लेख आमच्या किनाऱ्यावरून लिहिताना टाळताच येणार नाही. मोतीबिंदूमुळे साखरेऐवजी मीठ घालणारी, डेझीवर ओरडणारी आणि तिच्यावरच जीव टाकणारी ही स्वयंपाकीण सहाव्या पर्वात वारशाने मिळालेल्या पैशांतून घेतलेल्या छोट्या घरात पाहुण्यांची सोय सुरू करते, आणि तिथे उतरलेले पहिलेच जोडपे नवराबायको नसल्याचे उघड होऊन तिच्या घराचे नाव बदनाम होते. घरगुती निवास चालवणारे आमच्यात पुष्कळ आहेत. आलेल्या पाहुण्यांमुळे गावात होणारी कुजबुज आणि एकदा गेलेले नाव परत मिळवण्याची धडपड त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. लॉर्ड आणि लेडी ग्रँथम सर्वांसमक्ष तिच्याकडे चहाला जातात, हा उपाय आमच्याकडेही लागू पडला असता.

आता न आवडलेल्या गोष्टी. लॉर्ड ग्रँथम यांचा खासगी नोकर बेट्स आणि त्याची बायको, वाड्यातली दासी ॲना, यांच्या मागे लागलेले खुनाचे खटले कंटाळवाणे आहेत. आधी बेट्सच्या पहिल्या पत्नीचा मृत्यू, त्यासाठी त्याला तुरुंग, मग ॲनावर बलात्कार करणाऱ्या ग्रीनचा मृत्यू, त्यासाठी ॲनाला अटक. ब्रेंडन कॉइल आणि जोअन फ्रॉगट यांच्यासारखे समर्थ कलावंत हाताशी असताना त्यांना पर्वामागून पर्व केवळ सोसायला लावले आहे. दुसऱ्या पर्वात मॅथ्यूचे निकामी झालेले पाय अचानक बरे होणे आणि चेहरा भाजलेला एक कॅनेडियन सैनिक येऊन आपणच पॅट्रिक असल्याचे सांगणे, या दोन्ही युक्त्या पहिल्या पर्वाच्या लेखकाला शोभणाऱ्या नाहीत. पैशाची अडचण आली की कोणाचा तरी वारसा वेळेवर चालून येतो, हीदेखील तशीच सोय आहे: लॉर्ड ग्रँथम कॅनडातील ग्रँड ट्रंक रेल्वेत बायकोचा पैसा बुडवतात आणि मॅथ्यूच्या आधीच्या, वारलेल्या वाग्दत्त वधूच्या वडिलांची संपत्ती नेमकी तेव्हाच मॅथ्यूकडे येते.

युद्धाच्या संदर्भात एक गोष्ट मात्र मनापासून वाखाणण्यासारखी आहे. मिसेस पॅटमोर यांचा भाचा रणांगणावर कचरला म्हणून स्वतःच्याच सैन्याकडून गोळी घालून मारला जातो, आणि त्याचे नाव स्मारकावर कोरण्यास नकार मिळतो. पाचव्या पर्वाच्या शेवटाकडे लॉर्ड ग्रँथम त्याच्यासाठी वेगळी पाटी बसवतात. अशा रीतीने मारल्या गेलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने प्रत्यक्षात माफी दिली ती २००६ साली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाटीचे महत्त्व कळते. पहिल्या महायुद्धात रत्नागिरी जिल्ह्यातूनही मोठी सैन्यभरती झाली होती, त्यामुळे तो प्रसंग आमच्याकडे परका राहिला नाही.

धाकटी बहीण सिबिल हिच्या मृत्यूचा तिसऱ्या पर्वातील भाग हा माझ्या दृष्टीने मालिकेचा कळस आहे. आयरिश ड्रायव्हर टॉम ब्रॅन्सन याच्याशी लग्न करून घर सोडलेली ही मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते. तिचे घोटे सुजलेले आहेत, ती भ्रमिष्टासारखे बोलते आहे, लघवीत अल्ब्युमिन सापडले आहे, हे पाहून गावचे डॉक्टर क्लार्कसन तिला ताबडतोब रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करावी म्हणतात. लंडनहून बोलावलेले नामांकित सर फिलिप टॅप्सेल ते उडवून लावतात आणि लॉर्ड ग्रँथम मोठ्या नावावर विश्वास ठेवतात. मूल सुखरूप जन्मते, आणि त्याच रात्री सिबिल झटक्यांनी तडफडून सर्वांच्या डोळ्यांदेखत मरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या आमच्या परिचारिका ताईंनी नंतर सांगितले, की रक्तदाब, सूज आणि लघवीची तपासणी या तीन गोष्टींसाठी त्या आजही गरोदर बायकांच्या मागे लागतात, आणि झटक्यांवर देण्याचे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन जवळ असल्यामुळे त्यांच्या समोर वेळ निभावलेली आहे. त्यांच्या मते त्या भागातील लक्षणांचा क्रम अगदी बरोबर होता. त्या मृत्यूनंतर कोरा नवऱ्याला आपल्या खोलीत येऊ देत नाही, आणि व्हायोलेट क्लार्कसन यांच्याकडून ‘शस्त्रक्रियेनेही वाचण्याची शक्यता फारच कमी होती’ असे वदवून घेते. मुलाचा संसार वाचवण्यासाठी एका प्रामाणिक डॉक्टरला सत्य वाकवायला लावणे योग्य की अयोग्य, यावर आम्ही दोन संध्याकाळी वाद घातला. असा प्रश्न प्रेक्षकासमोर उघडा ठेवणारे लेखन या मालिकेत आणखी असायला हवे होते.

व्हायोलेट, म्हणजे मॅगी स्मिथ, यांच्या तिखट वाक्यांची कीर्ती जगभर झाली आहे, पण मला त्यांचे न बोललेले प्रसंग अधिक भावतात. गावच्या फुलांच्या प्रदर्शनात गुलाबाचा चषक दरवर्षी त्यांच्याच बागेला मिळतो, कारण तो त्यांचा मान आहे. शिमग्यात पालखीचा मान कोणाचा यावरून होणारे वाद ज्याने पाहिले आहेत त्याला तो चषक सोडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. त्या व्यासपीठावर चिठ्ठीत स्वतःचे नाव वाचतात आणि मोझलीच्या वडिलांचे नाव पुकारतात. चेहऱ्यावर क्षणभरच काहीतरी हलते. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅगी स्मिथ गेल्या तेव्हा आम्ही तो भाग पुन्हा पाहिला.

वाड्यातला नोकर थॉमस बॅरो या पात्राविषयी आमच्याकडे सुरुवातीला फक्त संताप होता. चोऱ्या, कुटाळक्या, युद्धातून सुटण्यासाठी स्वतःच्या हातावर गोळी ओढवून घेणे. यात आवडण्यासारखे काय आहे? पुरुषांकडे असलेली त्याची ओढ कायद्याने गुन्हा ठरवलेली होती, आणि ती ‘बरी’ करण्यासाठी तो स्वतःला टोचून घेतो तेव्हा वाड्यातली दासी बॅक्स्टर त्याला डॉक्टरकडे नेते. सहाव्या पर्वात एकाकीपणाने तो जीव द्यायला निघतो. रॉब जेम्स-कॉलियर यांनी हा माणूस कधीही गोड होऊ दिला नाही, म्हणूनच त्याची कीव न येता त्याच्याविषयी काळजी वाटते. त्याच्या जोडीला असलेली कोराची दासी ओब्रायन मात्र लेखकाने अर्ध्यावर सोडली. साबणाची वडी न्हाणीघरात ठेवून मालकिणीचा गर्भ घालवणारी ही बाई चौथ्या पर्वाच्या आरंभी लेडी फ्लिंटशर यांच्याबरोबर हिंदुस्थानला निघून जाते. फ्लिंटशर दांपत्याची नेमणूक मुंबईला झालेली असते. त्या मुंबईत त्याच वेळी आमच्या पणजोबांच्या पिढीतील कितीतरी चाकरमानी गिरण्यांत आणि गोदीत राबत होते. मालिकेला मुंबई हे केवळ पात्रे पाठवून देण्याचे ठिकाण वाटते, ही खंत मला लपवता येत नाही.

पाहू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना. डेझी, मिसेस पॅटमोर आणि थॉमस यांचे यॉर्कशर-लँकेशरकडचे उच्चार आपल्या कानाला जड जातात, म्हणून उपशीर्षके लावूनच बघावे. चौथ्या पर्वाच्या तिसऱ्या भागात ॲनावर बलात्कार होतो; तो पडद्यावर थेट दाखवलेला नसला तरी आवाज ऐकू येतात, त्यामुळे मुलांसोबत तो भाग लावू नये आणि मोठ्यांनाही आधी सांगून ठेवावे. पहिले आणि तिसरे पर्व अवश्य पाहावे. दुसऱ्यातील पॅट्रिकचा भाग वगळला तरी काही अडत नाही. पाचव्यातील पोलिसांचे प्रसंग मी पुढे ढकलत पाहण्याचा सल्ला देईन. सहावे पर्व मोझली, मिसेस पॅटमोर आणि थॉमस यांच्यासाठी पाहावे, आणि पाहताना मिसेस ड्रू कोठे गेली हे स्वतःला विचारावे. मालिकेनंतर २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये तीन चित्रपट आले. ज्यांना या माणसांचा लळा लागला आहे त्यांना ते आवडतील, परंतु ओळख नसलेल्या प्रेक्षकाने त्यांच्यापासून सुरुवात करू नये, कारण मॅथ्यू आणि सिबिल कोण होते हे ठाऊक असल्याशिवाय टॉम ब्रॅन्सन आणि मेरी यांच्यातील स्नेह कळत नाही.